मस्टँगचे पॉवर स्टिअरिंग काढून मॅन्युअल करणे : प्रकल्प नोंदी, ठाणे

१० नोव्हेंबर २०२४

दिवाळी आटोपली आणि आज कोलशेत रोडच्या शेडमध्ये गाडीचे काम हाती घेतले. गाडी १९६६ सालची फोर्ड मस्टँग आहे, स्टिअरिंग डाव्या बाजूला. चासी क्रमांकाची सुरुवात '६एफ०७सी' अशी असल्याने ती १९६६ चे मॉडेल, डिअरबॉर्नच्या कारखान्यातली, कूपे आणि २८९ घनइंची व्ही-८ इंजिन व टू-बॅरल कार्बोरेटर असलेली आहे, हे नक्की होते. त्या वर्षी मस्टँगला मॅन्युअल स्टिअरिंग हेच मूळचे होते आणि पॉवर स्टिअरिंग जादा पैसे भरून घ्यावे लागे. आमच्या गाडीला ते कारखान्यातूनच लागलेले आहे.

आता ते काढायचे ठरले आहे. गाडी बहुतेक रविवारीच बाहेर पडते आणि मधले दिवस उभी असते. उभ्या गाडीत होसपाइप आणि सीलचे रबर सुकते, आणि मग कंट्रोल व्हॉल्व्हमधून तेल झिरपू लागते. खाली ठेवलेला ट्रे दर आठवड्याला रिकामा करावा लागणे एक वेळ चालले असते, पण ते तेल तापलेल्या एक्झॉस्टच्या आसपास जाऊ लागल्यावर विषय आवडीनिवडीचा राहत नाही. दर वेळी परदेशातून सील मागवून तीच जागा पुन्हा गळताना पाहण्यापेक्षा मूळच्या साध्या रचनेकडे जावे, असे दादाचे आणि माझे एकमत झाले.

या गाडीची एक गोष्ट समजून घेतली की पुढचे सगळे काम सोपे होते. तेलाच्या दाबाची मदत येथे स्टिअरिंग बॉक्सच्या आत मिळतच नाही. बॉक्स पूर्णपणे यांत्रिक आहे. वर्म (स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाचा स्क्रू), त्यावरून फिरणाऱ्या गोळ्या, त्या गोळ्यांवर सरकणारा बॉल नट आणि सेक्टर शाफ्ट (त्या नटाने फिरणारा दातांचा दांडा) एवढेच त्यात असते. मदत मिळते ती बाहेर, लिंकेजवर, म्हणजे बॉक्सपासून चाकांपर्यंतच्या दांड्यांवर. पिटमन आर्म, म्हणजे सेक्टर शाफ्टच्या टोकाला बसणारा आणि आमचे मिस्त्री ज्याला ड्रॉप आर्म म्हणतात तो, सेंटर लिंकवरच्या (दोन्ही चाकांकडे वळण पोचवणाऱ्या आडव्या दांड्यावरच्या) कंट्रोल व्हॉल्व्हला जोडलेला असतो. त्याच्या हालचालीने व्हॉल्व्हमधला स्पूल (सरकता दट्ट्या) किंचित सरकतो, पंपाकडून आलेले तेल त्यानुसार पॉवर सिलिंडरच्या एका किंवा दुसऱ्या बाजूला जाते, आणि सिलिंडर सेंटर लिंकला ढकलतो. म्हणून बॉक्स न बदलताही ही गाडी मॅन्युअल करता येते. बदलावे लागते ते बॉक्सच्या खालचे सगळे.

काढण्यापूर्वी मोजमाप घेतले. पंपाचा पट्टा उतरवला, टायरमध्ये ३० पीएसआय हवा ठेवली, गाडी सिमेंटच्या कोब्यावर उभी असताना स्टिअरिंगच्या कडेला ताणकाटा अडकवून ओढले, तर चाके वळायला १३ किलोच्या आसपास जोर लागला. मग पुढची बाजू घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घेतली आणि चाके हवेत असताना पुन्हा ओढले. टायरचे घर्षण आता नाही, तरीही जवळजवळ २ किलो लागले. यातला काही भाग सिलिंडरमधले तेल मागेपुढे ढकलण्याचा आहे हे मान्य केले, तरी तो आकडा फार होता. मिस्त्रींनी खाली जाऊन एकेक जोड हाताने हलवून पाहिला आणि म्हणाले, "साहेब, बॉक्सला बोल लावू नका. सांधे गेलेत सगळे." मॅन्युअल केल्यावर गाडी जड होणार, असे ज्याने त्याने आम्हाला ऐकवले आहे. त्या जडपणातला किती भाग पंप नसल्यामुळे असतो आणि किती झिजलेल्या, अडकलेल्या सुट्या भागांमुळे असतो, हे वेगवेगळे मोजल्याशिवाय त्याबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

१६ नोव्हेंबर

पंप, त्याचा ब्रॅकेट, चारही होस, पॉवर सिलिंडर आणि कंट्रोल व्हॉल्व्ह खाली उतरले. ऑल्टरनेटरचा पट्टा स्वतंत्र असल्यामुळे त्याला हात लावावा लागला नाही; क्रँक पुलीवरची पंपाची खाच तशीच रिकामी राहू दिली आहे. सिलिंडरचा रेलवरचा (गाडीच्या सांगाड्याच्या लांब तुळईवरचा) ब्रॅकेट बोल्टचा असल्याने तोही काढून ठेवला.

टाय रॉडच्या (सेंटर लिंकपासून चाकापर्यंतच्या दांड्याच्या) एंड, म्हणजे टोकांचे सांधे, सोडवताना चिमट्यासारखा फोर्क वापरला नाही. स्टिअरिंग आर्मच्या डोळ्याच्या एका बाजूला जड हातोडा टेकवायचा आणि दुसऱ्या बाजूने दुसऱ्या हातोड्याचा एकच नेमका घाव घालायचा. डोळा क्षणभर दबतो आणि टेपर (निमुळती घट्ट बैठक) सुटतो. एंड टाकूनच द्यायच्या होत्या, पण आर्ममधला टेपर खराब झाला तर नवी एंड कितीही चांगली आणली तरी ती नीट बसत नाही. पिटमन आर्मचे नट सैल करून पुलर लावला, जंग सोडवायचे तेल मारून रात्रभर तसाच ताणाखाली ठेवला आणि सकाळी पाऊण फेरी देताच तो आवाज करून सुटला. सेक्टर शाफ्टच्या टोकावर हातोडा मारण्याची सवय अनेक गॅरेजांत आहे; तो घाव थेट बॉक्समधल्या गोळ्यांवर आणि त्यांच्या खाचांवर जातो, म्हणून आमच्या शेडमध्ये त्याला बंदी आहे.

सुटलेले भाग टेबलावर मांडले. आतल्या टाय रॉड एंडची स्टड बोटांनी हलत होती. आयडलर आर्ममधले (सेंटर लिंकचे दुसरे टोक तोलून धरणाऱ्या आर्ममधले) रबरी बुश फाटून एका बाजूला गोळा झाले होते, त्यामुळे सेंटर लिंकचे त्या बाजूचे टोक प्रत्येक वळणावर आधी वरखाली होत असणार आणि मग बाजूला सरकत असणार.

डाव्या रेलवर बॉक्स जेथे तीन बोल्टांनी बसतो तेथे या गाड्यांना तडे जातात, असे वाचले होते. रंग खरवडून, तारेच्या ब्रशने धातू उघडा करून डाय पेनिट्रंट, म्हणजे तड्यात शिरून तो दाखवणारा लाल रंग, मारले. लाल रेघ कोठेही उमटली नाही. खाडीजवळच्या दमट हवेत इतकी वर्षे काढलेल्या रेलकडून यापेक्षा चांगली बातमी अपेक्षित नव्हती.

२० नोव्हेंबर

विधानसभेच्या मतदानाची सुट्टी होती. सकाळीच मतदान करून दादा आणि मी शेडमध्ये बसलो आणि बॉक्सचा प्रश्न निकाली काढला.

पॉवर स्टिअरिंगच्या गाड्यांना फोर्डने १६:१ प्रमाणाचा बॉक्स दिला होता, म्हणजे सेक्टर शाफ्टच्या एका फेरीच्या हिशेबाला स्टिअरिंगच्या सोळा. साध्या मॅन्युअल गाड्यांना १९ च्या आसपासचा, फिरवायला हलका. आमच्या बॉक्सवर स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावणेचार फेऱ्या फिरते, हलक्या बॉक्सवर ते पाचाच्या घरात जाते. दादाचा आग्रह हलक्या बॉक्सचा होता, कारण नौपाड्यात सोसायटीच्या फाटकातून गाडी आत घेताना त्याला खांद्याची काळजी असते. माझे म्हणणे असे होते की, जागच्या जागी वळवताना जो फायदा होतो तो काही सेकंदांचा, आणि चालत्या गाडीत हातावर हात टाकून पाच फेऱ्या मारण्याचे ओझे मात्र कायमचे. शिवाय १९६५ आणि १९६६ च्या गाड्यांत वर्मचा शाफ्ट बॉक्सपासून थेट स्टिअरिंगच्या चाकापर्यंत एकसंध आहे. नवा बॉक्स म्हणजे एवढा लांब दांडा असलेले जड खोके विमानाने मागवणे आले.

हा एकसंध दांडा सुरक्षिततेच्या दृष्टीनेही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पुढून जोराची धडक बसली तर तो चालकाच्या छातीच्या दिशेने येतो. दबणारा कॉलम मस्टँगला नंतरच्या मॉडेलांत मिळाला. आमच्या गाडीत पट्टा बांधल्याशिवाय कोणी स्टिअरिंगवर बसत नाही.

शेवटी असे ठरले की, १६:१ चा बॉक्स ठेवायचा, पण तो पूर्ण उघडून नव्यासारखा करायचा, आणि सगळे जुळवल्यावर कोब्यावर ९ किलोपेक्षा जास्त जोर लागला तर हलक्या बॉक्सची मागणी नोंदवायची. दादाने हा आकडा फळ्यावर खडूने लिहून ठेवला.

२४ नोव्हेंबर

सुट्या भागांची मागणी अमेरिकेत नोंदवली. मॅन्युअलची सेंटर लिंक वेगळी, कारण पॉवरच्या लिंकवर व्हॉल्व्ह बसण्यासाठी आटे असतात. मॅन्युअलचा पिटमन आर्म वेगळा, आयडलर आर्म वेगळा आणि आतल्या टाय रॉड एंडही वेगळ्या. पिटमन आर्म मागवताना सेक्टर शाफ्टची जाडी स्वतः मोजणे आवश्यक आहे. सुरुवातीच्या मस्टँगना तो १ इंचाचा होता, नंतर १ १/८ इंचाचा झाला, आणि इतक्या वर्षांत कोणी बॉक्स बदललेला असू शकतो. व्हर्नियरने २८.५ मिमी भरला, म्हणजे जाड शाफ्ट. वर्मची बेअरिंग, सेक्टरचे सील, बाहेरच्या एंड आणि टाय रॉडच्या स्लीव्हही (लांबी जुळवण्याच्या नळ्या) यादीत घातल्या. ज्याला हे काम करायचे आहे त्याने सगळे एकदाच मागवावे; वाहतूक, सीमाशुल्क आणि वर आयजीएसटी (२०२४ मध्ये तो २८ टक्के होता) प्रत्येक खोक्यावर भरावा लागतो.

८ डिसेंबर

बेअरिंग आणि सीलचे छोटे पार्सल आधी आले, म्हणून बॉक्सचे काम उरकून घेतले. स्टिअरिंगचे चाक आणि कॉलमची नळी काढून बॉक्स दांड्यासकट खालून बाहेर घेतला; त्यासाठी डाव्या बाजूचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड उतरवावा लागला. आत ग्रीस नव्हते, साबणासारखा वाळलेला तपकिरी थर होता. वर्मच्या खाचा आणि गोळ्या भिंगातून पाहिल्या, त्यांवर खड्डे नाहीत. सेक्टर शाफ्टचे बुश मात्र एका बाजूला झिजून अंडाकृती झाले होते.

वागळे इस्टेटमध्ये एका लेथवाल्या काकांकडे शाफ्ट आणि केसिंग दोन्ही नेले. नुसते माप सांगून बुश करून घेण्यात अर्थ नसतो. त्यांनी फॉस्फर ब्राँझचा गज लावला, बाहेरचा व्यास केसिंगला घट्ट बसेल असा ठेवला आणि आतला मुद्दाम थोडा कमी ठेवला. बुश प्रेसवर बसवल्यावर ते आकसते, म्हणून शेवटचा हात रीमरनेच (भोक नेमक्या मापाला आणण्याच्या हत्याराने) फिरवायचा. रीमर अर्धी फेरी फिरवायचा, बाहेर काढून पुसायचा, शाफ्ट घालून पाहायचा, पुन्हा अर्धी फेरी. तेल लावलेला शाफ्ट स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली सरकला, मध्ये कोठे अडकला नाही, आणि बाजूला हलवून पाहिले तर हलला नाही. तेव्हा काका "झालं" म्हणाले. एवढ्या कामासाठी त्यांनी घेतलेला वेळ मला सार्थ वाटतो.

बॉक्स जुळवण्याचा क्रम चुकवू नये. आधी सेक्टरचा स्क्रू पूर्ण सैल करून वर्मच्या बेअरिंगचा ताण लावायचा, आणि तो बरोबर आल्यावरच मध्यभागी सेक्टरचा ताण वाढवायचा. कारखान्याच्या मापाप्रमाणे पहिला ४ ते ५ इंच-पाउंड (फिरवायला लागणाऱ्या पिळाचे माप) आणि दोन्ही मिळून ९ ते १० इंच-पाउंड हवा. इंच-पाउंडाचा पाना आमच्याकडे नाही. पण स्टिअरिंगच्या चाकाची त्रिज्या ८ इंच असल्यामुळे चाक तात्पुरते दांड्यावर बसवून कडेला डिजिटल काटा अडकवला, तर पहिल्या मापासाठी सुमारे २५० ग्रॅम आणि दुसऱ्यासाठी सुमारे ५४० ग्रॅम दिसले पाहिजेत. काट्यावर २४० आणि ५३० दिसले. सेक्टरचा स्क्रू फक्त बॉक्स मध्यावर असतानाच फिरवावा, कारण दात मध्यभागी मुद्दाम घट्ट आणि टोकांना सैल असे घडवलेले असतात. टोकाला नेऊन तो कसला तर मध्यभागी बॉक्स आवळला जातो, आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंग आपणहून परत येईनासे होते. "मॅन्युअल म्हणजे जड" या समजुतीचा उगम पुष्कळदा या एका स्क्रूमध्ये असतो, असे माझे मत झाले आहे.

आत मऊ, अर्धपातळ ००-प्रतीचे गिअर ग्रीस भरले.

२२ डिसेंबर

मोठे पार्सल आले. सेंटर लिंक, पिटमन आर्म आणि एंड बरोबर आहेत. आयडलर आर्मच्या खोक्यावर मॅन्युअल लिहिले होते. तो जुन्या, पॉवरच्या आर्मवर ठेवून पाहिला तर तंतोतंत जुळला, आणि नेमके तेच चुकीचे होते. पुरवठादाराला दोन्हींचे फोटो पाठवले, त्याने दुसरा पाठवायचे कबूल केले. नवा भाग जुन्याच्या शेजारी ठेवून पाहण्याची ही पायरी कोणी गाळू नये. चुकीचा आयडलर बसतो, बोल्टही लागतात, पण सेंटर लिंक तिरकी राहते आणि खड्ड्यावरून जाताना गाडी आपोआप दिशा बदलते.

५ जानेवारी २०२५

बरोबर आयडलर आला आणि आज सगळे बसवले. बॉक्सचे तीन बोल्ट, मग पिटमन आर्म, मग सेंटर लिंक, मग आयडलर. पिटमन आर्मच्या नटाला १५० फूट-पाउंडांहून जास्त ताण लागतो, त्यासाठी पान्याला लांब पाइप घालावा लागला. सेंटर लिंकची दोन्ही टोके रेलपासून मोजली. फरक एका मिलिमीटरच्या आत आहे.

आयडलरचे नट शेवटी, चाके सरळ असताना कसले. त्याचे रबरी बुश धातूला चिकटलेले असते, ते फिरत नाही, पिळले जाते. चाके वळलेली असताना नट कसला तर रबर त्या स्थितीला सरळ समजते आणि गाडी आयुष्यभर एका बाजूला ओढत राहते. कॅसल नटांचे भोक स्प्लिट पिनशी जुळेना तेव्हा नट पुढेच कसून जुळवले, एकही मागे सैल केले नाही.

चाके हवेत ठेवून काटा लावला. पूर्वी जवळपास २ किलो होते, आता ८०० ग्रॅमच्या आत आहे. मिस्त्रींनी स्टिअरिंग एका बोटाने या टोकापासून त्या टोकापर्यंत नेले आणि पुन्हा आणले. बोलले काहीच नाहीत.

११ जानेवारी

अलाइनमेंट. त्याआधी शेडमध्येच बॉक्सचा मध्य पक्का केला, म्हणजे टोकापासून टोकापर्यंतच्या फेऱ्या मोजून त्याच्या निम्म्यावर दांड्याला रंगाची खूण केली आणि स्टिअरिंगचे चाक तेथे सरळ बसवले. अलाइनमेंटच्या दुकानात गाडी सरळ असताना चाक वाकडे दिसले, तेव्हा तेथील मुलाने नेहमीच्या सवयीने चाक काढून पुन्हा सरळ बसवण्याची तयारी केली; त्याला थांबवून स्लीव्ह फिरवून एक टाय रॉड जितका लांब तितकाच दुसरा आखूड करायला लावला. चाक उपटून सरळ केले तर दिसायला सरळ होते, पण बॉक्स त्याच्या घट्ट मध्यापासून दूर राहतो आणि सरळ जाताना दातांमधला सैलपणा हाताला लागतो.

त्यांच्या यंत्रात या गाडीची मापे नाहीत, म्हणून ती हाताने भरली. १९६५-६६ च्या मस्टँगमध्ये कॅस्टर (चाक वळण्याच्या अक्षाचा पुढेमागे कल) आणि कॅम्बर (चाकाचा आतबाहेर कल) दोन्ही वरच्या कंट्रोल आर्मच्या मुळाशी शिम, म्हणजे पातळ पत्र्या, घालून बदलतात. रेडियल टायरवर धावणाऱ्या पॉवरच्या गाड्यांना बरेच जण २ ते ३ अंश कॅस्टर देतात, त्याने गाडी वेगात स्थिर राहते, पण वळवताना चाके गाडीचा पुढचा भाग उचलू पाहतात आणि तो भार हाताला येतो. आम्ही कॅस्टर १ अंशाच्या किंचित वर, कॅम्बर जवळजवळ शून्य आणि टो-इन (चाकांची पुढची बाजू किंचित आत वळलेली असणे) ३ मिमी ठेवले. टायरमध्ये ३२ पीएसआय.

कोब्यावर उभ्या गाडीत काट्याने ८.५ किलो दाखवले. फळ्यावरचा ९ चा आकडा दादाने स्वतः पुसला.

१२ जानेवारी

पहाटे रहदारी वाढायच्या आत गाडी बाहेर काढली. कापूरबावडीकडे येताना घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामाच्या पत्र्यांमधून मार्ग अचानक अरुंद होतात. अशा ठिकाणी पूर्वी स्टिअरिंग थोडे वळवून गाडीच्या उत्तराची वाट पाहावी लागे, आज हाताबरोबरच नाक वळले. पोखरण रोड क्रमांक २ वरून उपवनपर्यंत गेलो आणि तलावाच्या कडेने वळसा घेतला. वळण संपल्यावर हात सैल सोडले, तर स्टिअरिंग सावकाश पण खात्रीने मध्यावर परत आले. कॅस्टर कमी ठेवल्यामुळे ते फार मंद होईल अशी शंका होती, ती राहिली नाही. रस्त्याचा खरबरीतपणा आता बोटांना कळतो. दहाच्या वेगानेही गाडी सरकत असली की जोर अगदी बेताचा लागतो.

जड आहे ते नौपाड्याचे फाटक. तेथे दादाला दोन्ही हात आणि खांदा लावावा लागला. गाडी हळू सरकत असतानाच चाक वळवायचे, उभ्या गाडीत नाही, हा नियम त्याने स्वतःला घालून घेतला आहे. टायर आणि सांध्यांसाठीही तेच चांगले.

२६ जानेवारी

काही रविवार गाडी फिरल्यावर पुन्हा घोड्यांवर घेतली. बॉक्सच्या तीन बोल्टांपैकी पुढचा किंचित बसला होता, तो मापात कसला. पिटमनचे नट, सगळ्या स्प्लिट पिन आणि स्लीव्हचे क्लॅम्प जागेवर आहेत. ग्रीस निपलांना ग्रीस दिले. टो तपासले, बदललेले नाही. खालचा ट्रे कोरडा आहे.

कागदपत्रांच्या बाजूने, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. आमच्या प्रमाणपत्रात स्टिअरिंगच्या प्रकाराची नोंदच नाही, आणि १९६६ च्या या मॉडेलला मॅन्युअल स्टिअरिंग मूळचेच असल्याने आम्ही ते कारखान्याच्या तपशिलात परत आणले आहे. तरीही विमा कंपनीला लेखी कळवून पोच घेतली. डाव्या स्टिअरिंगच्या गाडीला कलम १२० प्रमाणे चालू स्थितीतले इशारा यंत्र लागते, म्हणून दोन्ही बाजूंचे इंडिकेटरही याच वेळी तपासले.

काढलेला पंप, सिलिंडर, व्हॉल्व्ह, लिंक, दोन्ही आर्म आणि ब्रॅकेट तेल लावून, मेणकागदात गुंडाळून एका पेटीत ठेवले आहेत, आणि कोणता बोल्ट कोठला याच्या चिठ्ठ्या बांधल्या आहेत. पुढे कोणाला गाडी मूळच्या पॉवर स्टिअरिंगवर न्यायची असेल तर त्याला काहीही शोधावे लागू नये. पुढची तपासणी पावसाळ्यापूर्वी. तेव्हा आयडलरचे रबर आणि टाय रॉडची बूट पाहायची आहेत, आणि पुढच्या डाव्या चाकाच्या बेअरिंगमधून हल्ली येऊ लागलेल्या बारीक आवाजाचाही छडा लावायचा आहे.